लाल दोरी, काळी दोरी

होळी झाली आणि लोणारच्या तळ्याचं पाणी मागं सरकलं. सरकताना आपलं शेवाळ बरोबर न्यायचं ते विसरलं. काठाकाठानं हिरवी साय पडून राहिली. उन्हानं ती फुगली, तिला भेगा पडल्या, आणि मग तिचा असा वास सुटला की वर कड्यावरच्या गावातल्या लोकांनी तळ्याकडची दारं लावून घेतली. ज्यांना तळ्याकडे दारच नव्हतं त्यांनी तक्रारअर्ज केला.

खाली इंद्रभानच्या घरात कोणी दार लावलं नाही. एकतर दाराला फळी नव्हती, तुराट्यांची ताटी होती. आणि दुसरं म्हणजे त्या घरातल्या माणसांना तो वास येतच नव्हता. इंद्रभानचा बाप निवृत्तीबुवा, त्याच्या उमेदीपासून हे घर तळ्याच्या बुडाशी भाजीपाला काढत होतं. कड्याच्या कपारीतून गोड्या पाण्याची धार यायची, तिच्यावर वांगी, भेंडी आणि थोडी केळी. टोपलं डोक्यावर घेऊन कडा चढायचा, बाजार करायचा, मीठ-तेल घेऊन कडा उतरायचा. टोपल्यानं इंद्रभानची मान खांद्यात थोडी रुतल्यासारखी झाली होती, त्यामुळे तो कोणाला नाही म्हणतोय असं कधी वाटायचं नाही. जमीन सरकारची. पट्टा एकसाली, दर साली नवा करून घ्यायचा. निवृत्तीबुवाचं अख्खं आयुष्य असं एकेका सालानं गेलं होतं.

त्या दिवशी शेषराव तलाठी उपरण्याचा बोळा नाकाला लावून कडा उतरला. नाकात बोलल्यामुळे सरकारी हुकूम आणखीच सरकारी वाटत होता.

"इंद्रभान, औंदा पट्टा थांबला बरं."

इंद्रभान वाफ्याला पाणी वळवत होता. त्यानं फावडं सोडलं नाही. "काऊन जी?"

"वरच्या लोकायनं अर्ज केला. घानीनं लेकरं खोकलून राह्यली म्हनते. आता नागपूरकडून एक सायब येते. ह्या शेवाळाचं संशोधन करते. मानसाले बाधते का, अन् काही कामाचं हाय का, दोन्ही पाह्यते."

"पाहू द्या ना मंग. माह्या पट्ट्यानं काय केलं त्याचं?"

"बाधते असं निघालं त् खाली मानूस ठेवता येत नाही. घर उठवा लागन."

"अन् कामाचं निघालं त्?"

"मंग सरकार ते वाळवन, दळन. त्याले सपाट जागा लागन." शेषरावानं उपरणं जरा बाजूला करून सपाट जागेकडे पाहिलं. तिथं इंद्रभानची वांगी उभी होती.

"म्हंजे वाईट निघालं तरी आमी गेलो, अन् चांगलं निघालं तरी गेलो."

"असं मी नाही म्हनत. कागद म्हनते."

"मंग पट्टा भेटासाठी काय निघालं पाह्यजे?"

शेषराव सज्जन माणूस होता. त्यानं खरोखर विचार केला. वाफा भरून पाणी बाहेर जायला लागलं तरी तो विचारच करत होता. शेवटी म्हणाला, "काहीच निघालं नाही पाह्यजे."

तेव्हापासून त्या घरात काहीच निघू नये म्हणून झटणं सुरू झालं.

साहेब आला तो वयानं कोवळा, उन्हानं तांबडा झालेला. वामनराव त्याचं नाव. मागं चपराशी सहदेव, मेहकरचा, डोक्यावर पेटी आणि काखेत काचेच्या बरण्या. वामनरावानं काठावर उभं राहून छाती भरून श्वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि म्हणाला, "वा."

सहदेव वळून बोरीच्या झुडपाआड गेला आणि सकाळची भाकर ओकून आला.

"आधी आपण माणसं तपासू," वामनराव म्हणाला. "इथं रात्रंदिवस राहणारं हे एकच कुटुंब. तुमच्या छातीत काही दोष असेल तर तो या वायूचा."

छातीत दोष होता. तो निवृत्तीबुवाच्या छातीत होता आणि बिडीचा होता. म्हातारा पहाटे खोकायला लागला की धारेवर पाणी प्यायला आलेली वानरं वर पळत. सुभद्राबाईनं खोकला दाबायला सासऱ्याच्या गालात बेहड्याचं साल देऊन ठेवलं होतं आणि बजावलं होतं, "मामाजी, सायब जायेपर्यंत खोकलू नका. पट्टा तुमच्या गळ्यात हाय."

वामनरावानं छाती ऐकायची नळी लावली. "आजोबा, मोठा श्वास घ्या."

निवृत्तीबुवानं घेतला. खोकला उसळू नये म्हणून बेतानंच घेतला. बरगड्यांवरची कातडी ताणली गेली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इंद्रभान फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. सुभद्राबाई चुलीजवळून बघत होती. चुलीवर काही नव्हतं.

"पुन्हा."

म्हाताऱ्यानं पुन्हा घेतला. गालातलं बेहडं या बाजूचं त्या बाजूला गेलं.

"कमाल आहे," वामनराव नळी काढत म्हणाला. "या वयात अशी छाती? सहदेव, लिहून घे. कदाचित हा वायू फुप्फुसाला हितकारक—"

इंद्रभाननं ते ऐकलं. हितकारक म्हणजे चांगलं. तो दोन पावलं सरकला आणि बापाच्या कमरेला मागून चिमटा घेतला.

निवृत्तीबुवा आज्ञाधारक होता. त्यानं सकाळपासून साठवलेलं सगळं सोडलं. बेहड्याचं साल वामनरावाच्या बुटाजवळ जाऊन पडलं. म्हातारा वाकला, जांभळा झाला, जमिनीवर हात टेकून बसला. सुभद्राबाई पाणी घेऊन धावली.

वामनराव घाबरला. "हे... हे कधीपासून आहे?"

"बिडी पेते जी," इंद्रभान म्हणाला. "बाकी काही नाही. चांगलं बी नाही अन् वाईट बी नाही."

सहदेवनं लिहिलेलं खोडलं.

माणसांवर भरवसा नाही हे वामनरावाला पटलं. त्यानं जनावरं मागितली. इंद्रभानच्या शेळीला जुळी करडं झाली होती, दोन्ही माद्या, म्हणजे पाठी, दूध सुटून पाल्याला लागलेल्या, वजनानं सारख्या आणि रंगानंही सारख्याच ठिपक्याठिपक्यांच्या कवड्या. वामनरावानं एकीच्या गळ्यात लाल दोरी बांधली, दुसरीच्या काळी. कड्याच्या सावलीत एका दावणीला दोघी बांधल्या, पुढं दोन घमेली ठेवली. मग घरातल्या सगळ्यांना समोर उभं करून, हातवारे करत, त्यानं सांगितलं.

"नीट ऐका. शेवाळ गोळा करायचं, सावलीत वाळवायचं, कुटायचं. हे माप भरून लाल दोरीवालीच्या कुटारात कालवायचं. काळ्या दोरीवालीला साधं कुटार. बाकी पालापाणी सारखं. अक्षय्य तृतीयेनंतर मी येईन, दोघींना तोलीन. फरक पडला तर तो शेवाळाचा. समजलं?"

"समजलं जी," सुभद्राबाई म्हणाली. काळी दोरी तिच्याकडे पाहत होती.

वामनराव वर गावात भगवानरावांच्या माडीवर राहायला गेला, कारण तिथं तळ्याकडे खिडकी नव्हती. सहदेव रोज सकाळी खाली येऊन दोन्ही पाठी जिवंत असल्याचं बघून जायचा. त्याला तेवढंच बघायला सांगितलं होतं.

शेवाळ गोळा करायचं काम सुभद्राबाईकडं आलं. उजाडताना ती लुगड्याचा काष्टा वर खोचून चिखलात उतरायची. वरची साय हातानं लोटून टोपल्यात घ्यायची; खालचा काळा रेंदा आला की टोपलं परत रिकामं. तळ्याचं पाणी खारं, चिखल त्याहून खारा. पायाच्या भेगांत तो शिरला की ती दातांवर दात धरायची. चार दिवसांत हाताची कातडी धुणं बडवून ठेवल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली झाली. टोपलं कमरेवर आणायचं, बारदान्यावर पसरायचं, माश्या हाकायच्या, वाळलं की उखळात कुटायचं. हिरवी पूड नाकात जायची, पदरात जायची. भाजी घेऊन वर बाजारात बसली की शेजारची वच्छलाबाई आपलं टोपलं उचलून पलीकडं जायची. जाताना म्हणायची, "तुले नाही म्हनत वो बाई, हवेले म्हनतो."

इंद्रभानची भेंडी त्या दिवसांत विकली जात नव्हती. भेंडीला वास नव्हता, बाईला होता.

पहिल्या दिवशी सुभद्राबाईनं लाल दोरीपुढं हिरवं कालवण ठेवलं, काळीपुढं कोरडं कुटार. लालीनं हुंगलं, शिंकली, मग खायला लागली. काळीनं आपल्या घमेल्यात तोंड घातलं नाही. मान ताणून लालीच्या घमेल्याकडं बघत राहिली. दोरी आखूड होती. ती ओरडली नाही, नुसती बघत राहिली.

सुभद्राबाईला सुलतानपूरचं एक लग्न आठवलं. तिचं माहेर सुलतानपूरचं. मोठ्या वाड्यातलं लग्न, गावजेवण, आणि ती लहान, बाप जानरावाला चिकटून पंगतीत बसलेली. तुपाचा तांब्या घेऊन वाढपी रांगेतून येत होता. पानापानावर धार धरत होता. जानरावानं भाताला मधोमध खळगा करून ठेवला होता. वाढपी त्याच्या अलीकडच्या पानापर्यंत आला, माणूस बघितला, आणि वळून गेला. जानरावानं तो खळगा बोटांनी हळूच बुजवला आणि जेवला. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि पुढं कधी कोणाच्या पंगतीला गेला नाही.

पंगतीत दुजाभाव करणं हे पाप, हे सुभद्राबाईला कोणी शिकवायला लागलं नव्हतं. तिनं वरून कोणी उतरत नाही ना ते पाहिलं. माप काढलं. अर्धं लालीच्या घमेल्यात, अर्धं काळीच्या. काळीनं लगेच तोंड घातलं.

यात तिनं काही चोरी केली असं तिला वाटलं नाही. साहेबानं दिलं तेवढंच माप लागत होतं. फक्त ते वाढायचं कसं हे साहेबाला माहीत नसणार. पुरुषमाणूस.

इंद्रभानला यातलं काही माहीत नव्हतं. त्याचं वेगळंच चाललं होतं. दुपारी बायको धुणं घेऊन धारेवर गेली की तो दावणीपाशी यायचा, दोन्ही पाठींच्या बरगड्या बोटांनी चाचपायचा. शेवाळ खाणारी लाली भरली तर घर गेलं. वाळली तरी गेलं. लालीची बरगडी कमी लागली की तो काळीला ओंजळभर सरकी चारायचा. काळी जड वाटली की लालीला. सरकी म्हशीच्या वाट्याची होती. म्हैस दूध कमी द्यायला लागली.

"म्हशीले काय झालं?" सुभद्राबाईनं विचारलं.

"वास बाधला असन."

"असं सायबासमोर नका बोलू."

"मी काय येडा हाय?"

आणि निवृत्तीबुवा? त्याला दोन्ही बाजू कळत नव्हत्या, एवढंच कळत होतं की या दोन पिल्लांच्या जिवावर घर उभं आहे. दातांनी भाकर चावत नव्हती. उरलेली अर्धी तो रोज कोणाला न दाखवता दावणीला नेऊन टाकायचा, आज इकडं, उद्या तिकडं. येताना बिडी ओढून यायचा.

आखाजी जवळ आली तशी इंद्रभानची चाचपणी वाढली. बरगड्या सारख्या लागत होत्या, हे बरं होतं. पण हल्ली त्या लागतच नव्हत्या. दोन्ही पाठी गोल झाल्या होत्या. अंगावर तेल चोपडल्यासारखी लव चमकत होती. सकाळी सोडल्या की उड्या मारत कड्याच्या निम्म्यावर जात आणि खाली बघून शिंका देत.

"लय माजल्या वं," तो बायकोला म्हणाला.

"दोघीही माजल्या ना? मंग कायले भेता?" ती म्हणाली. तिच्या हाताला तेव्हा भेगांतून रक्त येत होतं, म्हणून ती हळद भरत होती.

तोलायच्या दिवशी वामनराव सकाळीच उतरला. शेषराव आला, उपरण्याचा बोळा आणि पट्ट्याचे कागद घेऊन. सहदेवनं बाभळीच्या फांदीला काटा टांगला. पोत्याची झोळी केली. इंद्रभाननं लालीला उचलून झोळीत घातलं. ती झोळीत लेंड्या टाकून मोकळी झाली. वामनरावानं वाकून काटा पाहिला, पुन्हा पाहिला.

"काळी."

काळी गेली. काटा हलला, डुलला, थांबला. जिथं लालीला थांबला होता तिथंच.

निवृत्तीबुवाच्या गालात बेहडं होतं.

"फरक नाही," वामनराव म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "शेवाळानं अपाय नाही, उपायही नाही. काहीच नाही."

इंद्रभाननं बाभळीला हात टेकला. शेषरावानं शाईची बाटली काढली, कागद गुडघ्यावर घेतला आणि इंद्रभानकडं बघून डोळे मिचकावले.

"थांबा जरा," वामनराव म्हणाला.

तो पाठींभोवती फिरला. त्यांच्या पाठीवर, मांडीवर हात दाबला. "मी भगवानरावांच्या गोठ्यातल्या याच वयाच्या पाठी तोलल्यात. त्या यांच्या निम्म्याही नाहीत. यातली एक शेवाळ खाते, एक खात नाही, आणि दोघीही अशा? मग हे शेवाळाचं नाहीच. हे जागेचं आहे. हवा, धारेचं पाणी..." त्याचा आवाज चढायला लागला. "शेषराव, इथं शेळ्यांचं सरकारी पैदास केंद्र काढलं पाहिजे. ही सपाट जागा किती आहे?"

शेषरावानं शाईच्या बाटलीचं बूच परत लावलं. त्याला वाईट वाटत होतं, पण जागा सपाट होती हे खरं होतं.

"पुरावा समोर आहे," वामनराव म्हणत होता. "काळ्या दोरीच्या या मुक्या जिवाला कोणी मापभर शेवाळ दिलेलं नाही. शेजारची खात होती आणि ही नुसती बघत होती. तरीही—"

"कोन बघत होती?" सुभद्राबाई म्हणाली.

सगळे वळले. ती काळीचा कान धरून उभी होती. इंद्रभान तिच्याकडं डोळे वटारून बघत होता. ते तिला दिसलं.

"माह्या घरी कोनी नुसतं बघत बसत नाही जी," ती म्हणाली. "दोघीले बी देल्लं. अर्धं अर्धं."

"शेवाळ? काळीला?"

"पहिल्या दिवसापासून."

हळूहळू वामनरावाच्या डोळ्यांत दुसराच उजेड आला. "म्हणजे दोघींनी खाल्लं. आणि दोघी वाढल्या. म्हणजे शेवाळच! अर्ध्या मापात एवढा गुण! शेषराव, वाळवणासाठी—"

शेषराव सपाट जागेकडं बघायला लागला. त्या दिवशी त्यानं तिकडं इतक्यांदा पाहिलं की वांग्यांनाही लाज वाटावी.

इंद्रभाननं बाभळीवरचा हात काढला. रुतलेली मान जेवढी वर येईल तेवढी वर केली. "सायब, थांबा. मी बी चारलं."

"काय?"

"सरकी. म्हशीची. जी वाळली दिसे तिले. कधी हिले, कधी तिले."

"किती?"

"ओंजळीनं. कधी मोठी ओंजळ, कधी लहान. भेव वाटे तसं."

सहदेव पेटीवर बसला. वामनरावानं हात वर केला, काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मागून निवृत्तीबुवानं बेहडं थुंकलं.

"अन् माही अर्धी भाकर," म्हातारा म्हणाला. "रोज. कोनाले देल्ली ते याद नाही." आणि आता धरून ठेवायचं काही कारण नव्हतं म्हणून तो मनसोक्त खोकला. वानरं पळाली.

खोकला थांबला. वामनराव खाली दगडावर बसला. त्याचा टोप मांडीवर होता. नागपुरात वरचे साहेब त्याच्या निकालाची वाट बघत होते, आणि त्याच्याजवळ दोन लठ्ठ पाठी होत्या.

"काय लिहू जी?" शेषरावानं हळूच विचारलं.

"काय लिहिणार? शेवाळ आहे, सरकी आहे, भाकर आहे. कशानं काय झालं सांगता येत नाही." वामनरावाचा आवाज खोल गेला. "काहीच निघालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करावं लागेल."

"तोवर पट्टा?"

"तोवर आहे तसं राहू द्या. मला हीच जागा लागेल."

शेषरावानं बूच काढलं. उपरणं खांद्यावर टाकून, नाक उघडं ठेवून, त्यानं एका दमात लिहिलं आणि इंद्रभानचा अंगठा घेतला.

ऊन डोक्यावर आलं होतं. उपाशी कडा चढवून कोणाला पाठवणं शक्य नव्हतं. सुभद्राबाईनं भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत केलं. केळीची पानं मांडली ती एका रांगेत: साहेबाचं, शेषरावाचं, सहदेवचं, मग सासऱ्याचं आणि इंद्रभानचं. सहदेव रिवाजाप्रमाणे उठून बाजूला दगडावर बसायला निघाला.

"तिथं काऊन?" ती म्हणाली. "पान इथं हाय."

सहदेवनं साहेबाकडं पाहिलं. साहेब कुठंच बघत नव्हता. सहदेव बसला.

घरात वाटीच्या तळाशी तूप होतं. आखाजीचं उरलेलं. शेषरावानं साहेबाकडं बोट दाखवलं, म्हणजे तिकडं वाढा. सुभद्राबाई वाटी आणि लाकडी पळी घेऊन रांगेतून गेली. प्रत्येक भरितावर सारखाच ठिपका पडला. शेवटच्या पानापर्यंत पोचली तेव्हा वाटी पुसून झाली होती.

वामनरावानं आपल्या पानावरचा ठिपका पाहिला. मग सहदेवच्या पानावरचा. पलीकडं दावणीला दोन्ही पाठी रवंथ करत होत्या.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "शेवाळ फक्त लाल दोरीवालीला द्यायचं, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं ना जी," सुभद्राबाई भाकर मोडून त्याच्या पानावर ठेवत म्हणाली. "पन काळीच्या समोर सांगतलं."